चिनी मातीच्या भांड्यांवर नक्षी काढायला कसं शिकतात? कांजूरमार्गपासून जेजेपर्यंत, जाणून घ्या सगळं काही

रीलमध्ये ३० सेकंदांत सगळं होतं. चाकावर पांढरी माती फिरते, बोटांच्या दाबाने वाटी उभी राहते, ब्रश निळी वेल काढतो, भट्टीचं दार उघडतं आणि चकचकीत कप बाहेर येतो. प्रत्यक्षात त्या कपाला साधारण तीन ते चार आठवडे लागलेले असतात. त्याच्यासोबत भट्टीत गेलेले दोन-तीन कप तडकलेले किंवा वाकडे झालेले असतात, पण ते रीलमध्ये दिसत नाहीत.

मुंबईत सध्या पॉटरीच्या वीकेंड वर्कशॉपची चलती आहे. पण नक्षीदार पोर्सिलेन, म्हणजे आपल्या बोलीत चिनी मातीची रंगवलेली भांडी, करायला खरंच शिकायचं असेल तर सुरुवात कुठून करायची? पोर्सिलेन नेमकं कशाला म्हणतात? घरी भट्टी लावता येते का? आणि आपण रंगवलेल्या वाटीत लोणचं ठेवलं तर चालतं का?

या प्रश्नांची उत्तरं शोधताना कांजूरमार्ग हे सोयीचं ठिकाण आहे. मध्य रेल्वेच्या या एकाच मार्गावर मुंबईच्या मातीकामाचा दीडशे वर्षांचा इतिहास सापडतो.

पोर्सिलेन म्हणजे नक्की काय?

मराठीत आपण कपबशी, लोणच्याची बरणी, बाथरूममधलं बेसिन या सगळ्याला सरसकट 'चिनी माती' म्हणतो. कारागिरांच्या दृष्टीने मात्र यात किमान तीन वेगळे प्रकार आहेत.

पहिला प्रकार अर्दनवेअर. माठ, पणती, कुंडी या साध्या मातीच्या वस्तू यात येतात. त्या साधारण १,००० ते १,१५० अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी तापमानाला भाजतात. भाजल्यावरही त्यात बारीक छिद्रं राहतात, म्हणूनच माठातलं पाणी झिरपतं आणि गार होतं.

दुसरा प्रकार स्टोनवेअर. याला साधारण १,२०० ते १,३०० अंश लागतात. आजीच्या फडताळातली तपकिरी-पांढरी लोणच्याची बरणी हे याचं घरोघरी असलेलं उदाहरण. मीठ आणि आंबट रस तिच्यात शिरत नाही.

तिसरा प्रकार पोर्सिलेन. जुन्या पाठ्यपुस्तकी प्रमाणानुसार यात सुमारे निम्मं केओलिन, पाव भाग फेल्डस्पार आणि पाव भाग क्वार्ट्झ असतं. ही माती साधारण १,२५० ते १,४०० अंशांपर्यंत भाजतात. आता १,२२० अंशांच्या आसपास पिकणारी मिश्रणंही मिळतात. फेल्डस्पार वितळून काचेसारखं होतं आणि बाकीचे कण धरून ठेवतं. त्यामुळे भांडं पांढरं, कडक आणि पातळ असेल तर अर्धपारदर्शक होतं. कपामागे मोबाइलचा टॉर्च धरला आणि बोटांची सावली दिसली, तर ते पोर्सिलेन किंवा बोन चायना असण्याची शक्यता जास्त. बोन चायनात जनावरांच्या हाडांची राख मिसळलेली असते, त्यामुळे अनेक शाकाहारी घरांत ते घेत नाहीत.

'केओलिन' हा शब्द चीनमधल्या जिंगदेजेन शहराजवळच्या गावलिंग या गावावरून आला. निळ्या-पांढऱ्या नक्षीची भांडी चौदाव्या शतकात याच जिंगदेजेनमधून जगभर गेली. युरोपला हे गुपित उलगडायला अठरावं शतक उजाडलं. जर्मनीतल्या माइसेनचा कारखाना १७१० साली सुरू झाला.

महाराष्ट्रातही केओलिनचे साठे आहेत. सिंधुदुर्ग जिल्ह्यात ही माती सापडते आणि त्याच जिल्ह्यातल्या कासार्डे परिसरातली सिलिका वाळू प्रसिद्ध आहे. पण शिकणाऱ्याने खाणीतली माती आणून प्रयोग करण्यात अर्थ नाही. तयार मळलेल्या पोर्सिलेन मातीच्या पिशव्या मिळतात आणि त्या किती अंशांवर भाजायच्या हे त्यांवर लिहिलेलं असतं.

यात कांजूरमार्गचा संबंध काय?

कांजूरमार्ग हे आयआयटी मुंबईला सर्वांत जवळ असलेलं रेल्वे स्टेशन. आयआयटीच्या आवारातली आयडीसी, म्हणजे पूर्वीचं इंडस्ट्रियल डिझाइन सेंटर, ही संस्था १९६९ साली सुरू झाली. देशातल्या डिझाइन शिक्षणाच्या सुरुवातीच्या संस्थांमध्ये तिची गणना होते. तिथे सिरॅमिक्सचा स्टुडिओ आहे. कपाचा कान बोटांना कसा बसावा आणि बरणीच्या झाकणाची कड कुठे टेकावी हा इथे अभ्यासाचा विषय असतो.

हा स्टुडिओ तिथल्या विद्यार्थ्यांसाठी आहे, हौशी वर्गासाठी नाही. पण आयडीसीने चालवलेल्या 'डीसोर्स' या संकेतस्थळावर देशभरातल्या हस्तकलांची छायाचित्रांसह माहिती मोफत वाचता येते. त्यात कुंभारकामाच्या अनेक परंपरा आहेत. शिकायला सुरुवात करण्याआधी ते पाहणं फायद्याचं ठरतं.

स्टेशनच्या पूर्वेला कांजूर गाव. १९५३ साली सुरू झालेल्या निटको या टाइल कंपनीचा पत्ता अनेक वर्षं इथलाच होता. टाइल आणि कपबशी यांचा काय संबंध, असं वाटू शकतं. पण दुकानात 'व्हिट्रिफाइड' म्हणून विकली जाणारी फरशी ही तांत्रिकदृष्ट्या पोर्सिलेनच असते. आंतरराष्ट्रीय मानकानुसार ०.५ टक्के किंवा त्याहून कमी पाणी शोषणाऱ्या फरशीला पोर्सिलेन टाइल म्हणतात. घराच्या जमिनीवरची संगमरवरी नक्षी आज कारखान्यात इंकजेट प्रिंटरने छापली जाते. हाताने नक्षी काढणाऱ्यांची खरी स्पर्धा या छपाईशी आहे.

मुंबईत ही कला शिकवायला कधी सुरुवात झाली?

कांजूरमार्गहून सीएसएमटीकडे जाणारी लोकल पकडली तर शेवटच्या स्टेशनपासून काही मिनिटांच्या अंतरावर सर ज. जी. कला महाविद्यालय, म्हणजे 'जेजे' लागतं. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या १ लाख रुपयांच्या देणगीतून १८५७ साली ही शाळा सुरू झाली.

१८६५ साली इथे शिल्पकला शिकवायला आलेले जॉन लॉकवुड किपलिंग हे तरुणपणी इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशरमध्ये, बर्स्लेम या कुंभारकामासाठी प्रसिद्ध असलेल्या गावात काम शिकले होते. लेखक रुडयार्ड किपलिंग हे त्यांचेच चिरंजीव. त्यांचा जन्म जेजेच्याच आवारातला.

१८७०च्या दशकात जॉर्ज विल्किन्स टेरी यांनी जेजेशी जोडलेली मातीकामाची कार्यशाळा उभी केली. ती 'वंडरलँड आर्ट पॉटरी' या नावानेही ओळखली गेली. सिंधमधल्या कुंभारांचे निळे-हिरवे रंग आणि झिलईच्या पद्धती त्यांनी इथे वापरल्या. याच काळात जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रती करत होते. १८७२ ते १८८५ या काळात हे काम चाललं. त्यामुळे अजिंठ्यातल्या आकृती आणि वेली थेट फुलदाण्यांवर उतरल्या.

'बॉम्बे स्कूल पॉटरी' म्हणून ही भांडी आज ओळखली जातात. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये ती आहेत आणि भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयातही आहेत. भायखळा त्याच लोकल मार्गावर आहे. संग्रहालयात गेलात तर पायाखालीही बघा. तिथली फरशी इंग्लंडच्या मिंटन कंपनीची आहे.

ही भांडी पोर्सिलेन नव्हती, ती अर्दनवेअर होती. पण परदेशी तंत्र आणि इथली नक्षी यांची सांगड कशी घालायची, हा प्रश्न त्यांनी पहिल्यांदा सोडवला. आज पोर्सिलेनच्या थाळीवर पैठणीचा मोर किंवा वारली नाच काढणाऱ्यांसमोरही हाच प्रश्न असतो.

खरं जुनं पोर्सिलेन बघायचं असेल तर काळा घोड्याच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा यांच्या संग्रहातून आलेली चिनी-जपानी भांडी आहेत. नक्षी शिकणाऱ्यासाठी तिथला एक दिवस बऱ्याच व्हिडिओंपेक्षा जास्त शिकवून जातो, कारण भांड्याच्या गोलाईवर रेघ कशी वळते हे फोटोत कळत नाही.

गोव्याचे अझुलेजो वेगळे कसे?

गोव्यात पोर्तुगीजांबरोबर आलेली 'अझुलेजो' ही रंगीत फरशीची कला आजही जिवंत आहे. पणजीच्या मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या दालनात १९३५ साली जॉर्ज कोलासो यांनी केलेली निळी-पांढरी भिंत आहे.

अझुलेजोचं तंत्र वेगळं आहे. एकदा भाजलेल्या फरशीवर पांढरी अपारदर्शक झिलई लावतात. ती वाळून पीठासारखी झाली की तिच्यावरच रंगवतात आणि मग पुन्हा भाजतात. रंग झिलईत मुरतो. फरशी सपाट असल्यामुळे रंगकाम शिकायला ही चांगली पहिली पायरी आहे.

जयपूरची ब्लू पॉटरी मात्र याहून निराळी. तिच्या मिश्रणात मुख्यतः क्वार्ट्झची पूड आणि काच असते, नेहमीची कुंभाराची माती नसते. ती पोर्सिलेनपेक्षा बऱ्याच कमी तापमानाला भाजतात. म्हणून दिसायला सारखी असली तरी ती पोर्सिलेन नव्हे.

शिकण्याचा क्रम काय?

बहुतेक शिक्षक पहिल्या दिवशी पोर्सिलेन हातात देत नाहीत. ही माती कमी लवचिक असते, पाणी जास्त झालं की बसते आणि वाळताना तडकते. शिवाय ती 'लक्षात ठेवते'. वाकलेली थाळी ओली असताना सरळ केली, तरी भट्टीत ती पुन्हा वाकते.

म्हणून आधी स्टोनवेअर. माती मळून तिच्यातली हवा काढायची. मग चिमटीने वाटी, वळ्या रचून भांडं, लाटलेल्या पोळीसारख्या पट्टीतून डबा, आणि त्यानंतर चाक. चाकावर माती मध्यभागी आणायलाच अनेकांना काही आठवडे लागतात. हे जमलं की पोर्सिलेनकडे वळायचं.

पहिलं गणित आकसण्याचं. ओल्या अवस्थेपासून शेवटच्या भाजणीपर्यंत पोर्सिलेन साधारण १२ ते १५ टक्के आकसतं. समजा तयार वाटीचं तोंड ९ सेंटीमीटर हवं आहे आणि माती १२ टक्के आकसते. तर ९ भागिले ०.८८, म्हणजे ओली वाटी सुमारे १०.२ सेंटीमीटरची करावी लागते. २५ सेंटीमीटरच्या थाळीसाठी १४ टक्के धरले तर ओली थाळी २९ सेंटीमीटरची. हे गणित चुकलं की झाकण बरणीवर बसत नाही.

दुसरी गोष्ट वाळवणं. पावसाळ्यात मुंबईच्या हवेतच इतका ओलावा असतो की भांडं वरून कोरडं दिसतं आणि आत ओलं राहतं. असं भांडं भट्टीत गेलं तर आतल्या पाण्याची वाफ होते आणि ते फुटतं. त्याचे तुकडे शेजारच्या भांड्यांवर उडतात. साधी चाचणी अशी की भांडं गालाला लावायचं. गार लागलं तर अजून ओलं आहे.

भट्टीत काय होतं?

पहिली भाजणी साधारण ९०० ते १,००० अंशांची. तिला 'बिस्क' म्हणतात. आता भांडं पाण्यात विरघळत नाही, पण छिद्रं राहतात आणि त्यामुळे रंग-झिलई शोषली जाते. यातला धोक्याचा टप्पा ५७३ अंशांचा. या तापमानाला क्वार्ट्झची रचना अचानक बदलते आणि ते फुगतं. थंड होताना याच टप्प्यावर ते पुन्हा आक्रसतं. तापमान घाईने वाढवलं किंवा भट्टी लवकर उघडली, तर भांड्याला बारीक चीर पडते.

दुसरी भाजणी झिलईची. साधारण १,२२० ते १,३०० अंश. झिलई म्हणजे भट्टीत काच होणारं मिश्रण. भांड्याच्या तळाची टेकण्याची कड पुसून कोरडी ठेवावी लागते, नाहीतर भांडं भट्टीच्या फळीला चिकटतं.

भट्टीत छोटे त्रिकोणी सुळके ठेवतात. त्यांना 'कोन' म्हणतात. ठरावीक उष्णता मिळाली की कोन वाकतो. 'कोन ६' म्हणजे साधारण १,२२० अंश, 'कोन १०' म्हणजे साधारण १,३०० अंश. माती, रंग आणि झिलई या तिन्हींचा कोन जुळला पाहिजे. स्टुडिओत भांडं भाजायला दिलं आणि माती कोणत्या कोनाची हे सांगितलं नाही, तर ती वितळून इतरांच्या भांड्यांचंही नुकसान होऊ शकतं.

नक्षी कोणत्या टप्प्यावर काढतात?

इथे तीन मुख्य पद्धती आहेत.

अंडरग्लेझ: बिस्क झालेल्या भांड्यावर रंगवायचं आणि वर पारदर्शक झिलई. नक्षी काचेखाली जाते, त्यामुळे ती घासून जात नाही. पण बिस्क रंग लगेच शोषतं. ब्रश थांबला तिथे डाग पडतो आणि पुसायची सोय जवळपास नसते. निळ्या-पांढऱ्या भांड्यांची पद्धत हीच. त्यातला निळा कोबाल्टचा. कोबाल्ट १,३०० अंशांतही टिकतो, म्हणूनच जगभर निळ्या नक्षीची परंपरा मोठी आहे.

ओव्हरग्लेझ: झिलई होऊन भाजलेल्या भांड्यावर रंगवायचं आणि साधारण ७०० ते ८५० अंशांवर पुन्हा भाजायचं. तापमान कमी असल्यामुळे गुलाबी, लाल असे नाजूक रंग मिळतात. बाजारातली कोरी पांढरी थाळी आणून त्यावर रंगवणारे हौशी लोक हेच करतात. सोनेरी कड सगळ्यात शेवटी, आणखी एका भाजणीत. म्हणजे निळी वेल, लाल फूल आणि सोनेरी कड असलेली एक थाळी चार वेळा भट्टीत जाऊ शकते. तिची किंमत जास्त का, याचं उत्तर इथे आहे.

मातीतलीच नक्षी: ओल्या भांड्यावर रंगीत मातीचा पातळ थर देऊन तो कोरायचा, किंवा वेगवेगळ्या रंगांच्या मातीचे थर रचून वडीसारखे काप पाडायचे. इथे ब्रश लागतोच असं नाही.

रंगांचं रसायन सोपं नाही. तांबं साध्या विजेच्या भट्टीत हिरवं देतं आणि ऑक्सिजन कमी असलेल्या गॅसच्या भट्टीत लाल देतं. लोहापासून मधाळ तपकिरी ते फिकट हिरव्यापर्यंत छटा येतात. डबीत दिसणारा रंग आणि भट्टीतून येणारा रंग अनेकदा वेगळे असतात. त्यामुळे आधी छोट्या तुकड्यांवर रंग भाजून पाहायचे, प्रत्येकामागे नाव-तापमान लिहायचं आणि ते जपून ठेवायचे.

रांगोळीचा काय उपयोग होतो?

बराच. नक्षी काढण्यातला सर्वांत अवघड भाग समान अंतराचा असतो, आणि ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्याला हे माहीत असतं.

गोल थाळीवर १२ पाकळ्या काढायच्या असतील तर त्याच मापाचा कागदाचा गोल कापा. तो अर्धा, पुन्हा अर्धा आणि मग तीन भागांत दुमडा. उघडला की १२ समान रेषा मिळतात. नाहीतर कंपासने त्रिज्येचंच माप परिघावर सहा वेळा टाका. सहा बिंदू मिळतात आणि त्यांच्या मध्यावर आणखी सहा.

कपाचं गणित वेगळं. समजा तोंडाचा व्यास ८ आणि तळाचा ५ सेंटीमीटर आहे. आठ भाग केले तर वरचा प्रत्येक भाग सुमारे ३.१ सेंटीमीटर आणि खालचा जेमतेम २ सेंटीमीटर. म्हणून वर आणि खाली दोन्हीकडे खुणा कराव्या लागतात. फक्त वर खुणा केल्या तर वेल खाली जाऊन एकमेकींवर चढते.

एकच नक्षी पुन्हा पुन्हा उमटवायची असेल तर कागदाला सुईने भोकं पाडून त्यातून कोळशाची पूड दाबतात. उदबत्तीने भोकं पाडलेला रांगोळीचा ठिपक्यांचा कागद आठवतो? युक्ती तीच. कोळसा भट्टीत जळून जातो आणि मागे काही राहत नाही.

सरावासाठी फुटलेल्या बिस्कचे तुकडे उत्तम. एकाच जाडीच्या रेघा, मग एका फटक्यात पान, मग वेल. हा क्रम कंटाळवाणा वाटतो, पण भांड्यावरचा हात इथेच तयार होतो.

शिकायचं कुठे?

पदवी हवी असेल तर जेजेमध्ये सिरॅमिक्स हा विषय घेऊन ललित कलेचं शिक्षण घेता येतं. या संस्थेला २०२३ साली अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, त्यामुळे प्रवेशाचे चालू वर्षाचे नियम संस्थेच्या संकेतस्थळावरच पाहावेत. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत सिरॅमिक आणि काच डिझाइनचं पदव्युत्तर शिक्षण मिळतं. पुदुच्चेरीत रे मीकर आणि डेबोरा स्मिथ यांनी १९७१ साली सुरू केलेल्या गोल्डन ब्रिज पॉटरीने भारतातल्या स्टुडिओ पॉटरीच्या कित्येक कलाकारांना घडवलं.

महाराष्ट्रात चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावतीत कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी उभा केलेला ग्रामोदय संघ मातीकामासाठी ओळखला जातो. मुंबईजवळ भाईंदरमध्ये काम करणारे ब्रह्मदेव राम पंडित यांना मातीकामासाठी २०१३ साली पद्मश्री मिळाली. कुंभार कुटुंबातला माणूस स्टुडिओ पॉटरीत कुठवर जाऊ शकतो, याचं ते उदाहरण आहे.

चाक शिकायचं असेल तर सायन स्टेशनजवळ धारावीचा कुंभारवाडा आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सौराष्ट्रातून आलेल्या कुटुंबांची ही वसाहत. इथलं काम लाल मातीचं आहे, पोर्सिलेनचं नाही. पण हाताचा वेग आणि मातीवरची पकड बघायची तर याहून चांगली जागा मुंबईत सापडणं कठीण.

खासगी स्टुडिओत फी भरण्याआधी काही प्रश्न विचारा. फीमध्ये माती, रंग आणि दोन्ही भाजण्या धरल्या आहेत का? भट्टी किती अंशांपर्यंत जाते? भाजताना भांडं फुटलं तर काय? वर्गाबाहेर सरावाला चाक मिळतं का? आणि रंग जेवणाच्या भांड्यांसाठी सुरक्षित आहेत याची काय खातरजमा? यातल्या शेवटच्या प्रश्नाचं नीट उत्तर मिळालं नाही, तर तिथली भांडी शोभेपुरतीच ठेवा.

घरी भट्टी ठेवता येते का?

तांत्रिकदृष्ट्या हो, पण मुंबईच्या फ्लॅटमध्ये ते सोपं नाही. समजा भट्टी ६ किलोवॅटची आहे आणि आठ तास पूर्ण क्षमतेने चालली. एका भाजणीला ४८ युनिट वीज लागली. प्रत्यक्षात भट्टी मध्ये मध्ये बंद-चालू होते, त्यामुळे आकडा थोडा कमी येईल. खरा प्रश्न मंजूर विद्युत भार, वायरिंग आणि सोसायटीच्या परवानगीचा आहे. भट्टीतून निघणारा धूर आणि वायू बाहेर जाण्याची सोयही हवी. म्हणून बहुतेक जण भांडी घरी घडवतात आणि भाजायला स्टुडिओत देतात. कोरड्या, न भाजलेल्या भांड्यांचा डबा लोकलच्या गर्दीत नेणं हा मात्र धोका आहे. दुपारची वेळ निवडलेली बरी.

घरातल्या गणपतीच्या शाडू मातीवर हात बसवायला हरकत नाही. पण ती या भट्टीसाठी केलेली नसते, त्यामुळे तिची वस्तू शिक्षकांना न विचारता भट्टीत ठेवू नका. प्लास्टर ऑफ पॅरिसचा चुराही मातीत जाऊ देऊ नका. भाजल्यानंतर तो हवेतला ओलावा शोषून फुगतो आणि भांड्याचा टवका उडवतो.

आरोग्याला धोका काय?

दोन धोके आहेत, आणि रीलमध्ये दोन्हींबद्दल क्वचितच बोललं जातं.

पहिला धुळीचा. पोर्सिलेनच्या मातीत आणि झिलईच्या पुडीत बारीक सिलिका असते. ती वर्षानुवर्षं श्वासातून गेली तर सिलिकोसिस हा फुप्फुसांचा आजार होतो. तो बरा करणारं औषध नाही. सिरॅमिक कारखान्यांतल्या कामगारांना याची सर्वांत जास्त झळ बसते. हौशी माणसाचा धोका कमी असला तरी सवयी पहिल्या दिवसापासून लावाव्यात. जमीन झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. सुकलेलं भांडं कोरडं घासू नका, ओल्या स्पंजने गुळगुळीत करा. झिलईची पूड मिसळताना एन-९५ मास्क लावा. ज्या कपड्यांत काम केलं ते वेगळे धुवा.

दुसरा धोका जेवणातला. काही रंगांत आणि स्वस्त झिलईत शिसं किंवा कॅडमियम असतं. झिलई नीट पिकली नसेल तर आंबट पदार्थ ते बाहेर ओढतात. आपल्या जेवणात आंबट काय काय असतं ते आठवा: लोणचं, चिंचेचा सार, कोकम, ताक, लिंबू. म्हणून ओव्हरग्लेझची नक्षी थाळीच्या कडेला ठेवावी, जिथे अन्न टेकतं तिथे नको. सोनेरी कडेचं भांडं मायक्रोवेव्हमध्ये अजिबात ठेवू नये.

घरी एक प्राथमिक तपासणी करता येते. भांड्यात रात्रभर व्हिनेगर ठेवा. सकाळी रंग फिका झाला किंवा चकाकी गेली तर ते भांडं जेवणासाठी बाद. पण रंग बदलला नाही म्हणजे भांडं सुरक्षित, असं मात्र नाही. खात्रीसाठी प्रयोगशाळाच लागते. तिथे ४ टक्के ॲसिटिक ॲसिडमध्ये २४ तास ठेवून शिसं आणि कॅडमियम मोजतात. विक्रीसाठी भांडी करणाऱ्याने ही चाचणी करून घेणं गरजेचं आहे.

यातून पैसे मिळतात का?

मिळू शकतात, पण हिशेब नीट मांडावा लागतो. समजा १० कप केले आणि तीन तडकले. उरलेल्या सात कपांच्या किमतीत दहाही कपांची माती, भाजणी आणि वेळ धरावा लागतो. बरेच नवखे फक्त माती-रंगाचा खर्च लावतात आणि वर्षभरात थकतात.

समोर स्पर्धाही आहे. उत्तर प्रदेशातलं खुर्जा आणि गुजरातमधली थानगढ-मोरबीची पट्टी इथून मोठ्या प्रमाणावर स्वस्त माल येतो. यातल्या थानगढच्या उद्योगाची सुरुवात परशुराम गणपुले या मराठी माणसाच्या पॉटरीतून झाली, हे फार कमी जणांना माहीत असतं.

ग्राहक म्हणून फसगत टाळायची असेल तर 'हाताने रंगवलेलं' या शब्दांवर विसंबू नका. अनेकदा ती छापील पारदर्शक पट्टी, म्हणजे डिकल असते. ती भांड्यावर चिकटवून भाजलेली असते. ओळखायचं कसं? दोन कप शेजारी ठेवा. प्रत्येक पान तंतोतंत सारखं असेल तर छपाई. मोबाइलचा कॅमेरा झूम करून पाहा. बारीक छपाईचे ठिपके दिसले तरीही छपाई. हाताच्या रेघेत सुरुवातीला रंग दाट आणि शेवटी विरळ असतो. डिकल वाईट नसते, पण ती हातकामाच्या भावाने विकणं ही फसवणूक आहे.

सुरुवात करायची तर पहिल्या महिन्यात काय करावं?

पहिल्या आठवड्यात भायखळ्याचं आणि काळा घोड्याचं संग्रहालय पाहा, आणि आवडलेल्या पाच नक्षी वहीत उतरवा. दुसऱ्या आठवड्यात कागदाचे गोल दुमडून त्या नक्षी थाळीच्या आकारात बसवा. तिसऱ्या आठवड्यात एखाद्या स्टुडिओत स्टोनवेअरच्या मातीवर चिमटीच्या वाट्या करा. चौथ्या आठवड्यात बिस्कच्या तुकड्यांवर फक्त कोबाल्ट निळा घेऊन रेघांचा सराव करा आणि ते तुकडे भाजून घ्या.

या महिन्यात जवळ एकही सुंदर कप नसेल. पण कोणती माती, कोणता कोन आणि ब्रशची कोणती रेघ आपल्याला जमते, हे माहीत असेल. पोर्सिलेनची पहिली पिशवी त्यानंतर घ्या.